मातीचा अहवाल मृगाच्या आत

कृषी संशोधन केंद्र म्हटले की पावसाळ्यातले हिरवे प्रयोग आणि हिवाळ्यातली शिवारफेरी लोकांच्या डोळ्यांसमोर येते, आणि उन्हाळ्यात तेथे विशेष काही घडत नसावे असा सर्वसाधारण समज असतो. मी ज्या केंद्रावर काम करते तेथे मात्र गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्र लागेपर्यंतचा काळ वर्षातला सर्वांत धावपळीचा असतो. उन्हाळी तिळाची काढणी याच दिवसांत येते आणि बोंडे तडकून दाणे सांडू नयेत म्हणून ती भल्या पहाटे, उन्हे चढण्यापूर्वी उरकावी लागते. खरिपाच्या बियाण्याची चाळणी, प्रतवारी आणि पिशव्या भरण्याचे काम गोदामात सुरू असते. राज्यातील चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त कृषी संशोधन आणि विकास समितीच्या बैठकीसाठी काही वर्षांच्या प्रयोगांची आकडेवारी तपासून मांडायची असते. या सगळ्याच्या जोडीला गावांत जाऊन करायची विस्ताराची, म्हणजे शिफारशी शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवण्याची, कामे असतात, आणि त्यांपैकी माती परीक्षणाच्या मोहिमेविषयी मला सविस्तर लिहायचे आहे. केंद्राची शिफारस आणि शेतकऱ्याचे वावर, म्हणजे शेत, यांच्यात अंतर नेमके कोठे पडते, हे मला या मोहिमेतून जितके स्पष्ट दिसले तितके दुसऱ्या कोणत्याही कार्यक्रमातून दिसले नाही.

आमचे केंद्र अमरावती जिल्ह्यात, उत्तरेला गाविलगडच्या डोंगररांगा दिसतात अशा ठिकाणी आहे, आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येते. डोंगराच्या बाजूच्या विहिरींना गोडे पाणी आहे, त्यामुळे तिकडे संत्र्याच्या बागा आणि बारमाही ओलीत दिसते. दक्षिणेला पूर्णा नदीच्या दिशेने काही कोस गेले की खारपाणपट्टा सुरू होतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारे आहे, माती खोल आणि चिकण आहे, आणि विहिरीच्या पाण्याने ओलीत केले तर जमीन सुधारण्याऐवजी कडक होत जाते. तेथील कपाशी, तूर, मूग आणि ओलाव्यावरचा हरभरा ही सगळी शेती पावसाच्या भरवशावर उभी असते. एकाच केंद्राच्या हद्दीत इतक्या वेगळ्या दोन जमिनी असताना एकच खतमात्रा सर्वांना सांगणे योग्य नाही, ही गोष्ट आम्हाला कागदावर ठाऊक होती, परंतु ती शेतकऱ्याला त्याच्या स्वतःच्या वावराच्या आकड्यांतून दाखवायची तर त्या वावराची माती हाती असायला हवी आणि तिचा अहवाल पेरणीपूर्वी त्याच्या हाती पडायला हवा.

माती घेण्याचा खरा काळ एप्रिल आणि मेचा पहिला पंधरवडा एवढाच असतो. त्यापूर्वी वावरात तुरीची किंवा हरभऱ्याची काढणी चालू असते, आणि त्यानंतर शेणखत पसरले जाते, वखरणी होते, काही ठिकाणी खतही पडते, मग तो नमुना खरा राहत नाही. २०२५ मध्ये २९ मे ते १२ जून या काळात विकसित कृषी संकल्प अभियान देशभर झाले आणि त्यात शास्त्रज्ञांची पथके गावोगावी गेली. त्या काळातील भेटी बियाणे आणि पेरणीच्या सल्ल्यासाठी फार उपयोगी असतात, पण मातीचे काम त्याच्या दीड-दोन महिने आधी सुरू झालेले असावे लागते. म्हणून आम्ही केंद्राभोवतीची तीन गावे निवडली, दोन खारपाणपट्ट्यातली आणि एक डोंगराच्या बाजूचे, आणि चैत्रातच पहिली बैठक ठेवली.

बैठक दिवसा ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. एप्रिलमध्ये पारा ४२ अंशांवर असतो आणि मे महिन्यात ४४-४५ ही नेहमीची गोष्ट असते, शिवाय लग्नसराईमुळे माणसे दिवसा गावात सापडत नाहीत. दिवेलागणीनंतर मारुतीच्या पारावर लोक जमले. मी प्रास्ताविक संपवण्याच्या आतच एक वडीलधारे काका उठून म्हणाले, "मॅडम, आमची माती पयलेबी नेली होती, पण तिचं काय झालं ते काई कोनी सांगतलं नाई." त्यांचे म्हणणे रास्त होते. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाने त्या गावातून पिशव्या भरून नमुने नेले होते आणि त्यांचे कागद गावात पोहोचलेच नव्हते. दुसऱ्या काहींकडे मृद आरोग्य पत्रिका होती, परंतु तिच्यावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मृद आरोग्य पत्रिका योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झाली तेव्हा देशातील सर्व शेतकऱ्यांपर्यंत थोड्या काळात पोहोचायचे असल्याने जमिनीचे चौकोन पाडून नमुने घेण्याची पद्धत ठरली, आणि कोरडवाहू भागात १० हेक्टरांच्या एका चौकोनातून एक नमुना घेतला गेला. त्या चौकोनात पाच-सहा जणांची वावरे येतात आणि खारपाणपट्ट्यात तर एका धुऱ्यापासून (बांधापासून) दुसऱ्या धुऱ्यापर्यंत माती बदलते. देशाच्या पातळीवर जमिनीची स्थिती कळण्यासाठी ती पद्धत उपयुक्त होती, पण स्वतःच्या तीन एकरांत किती पोती टाकायची हे त्यावरून ठरवणे शेतकऱ्याला पटत नव्हते, आणि मला ते न पटणे चुकीचे वाटत नाही.

म्हणून आम्ही पारावर दोन गोष्टी ठरवल्या. पहिली अशी की नमुना शेतकऱ्याने स्वतःच्या हाताने घ्यायचा, आम्ही फक्त पद्धत दाखवायची. दुसरी अशी की अहवाल मृगाच्या आत याच पारावर, सर्वांच्या समक्ष वाचायचा. दुसऱ्या अटीमुळे आमच्या प्रयोगशाळेवर मोठा ताण पडणार होता, परंतु आमच्या केंद्रप्रमुखांनी ती तत्काळ मान्य केली, आणि माझ्या मते मोहीम तेथेच अर्धी पार पडली.

नमुना घेण्याचे काम सकाळी सहाला सुरू करून साडेनऊपर्यंत संपवायचे असा शिरस्ता ठेवला. उन्हाळ्यातली काळी जमीन ज्यांनी जवळून पाहिली नाही त्यांना कल्पना येणार नाही की ती किती भेगाळते. काही भेगांत कोपरापर्यंत हात जातो, आणि वरची भुसभुशीत माती वाऱ्याने व जनावरांच्या पायांनी त्या भेगांत उतरलेली असते. म्हणून खड्डा भेगेपासून दूर घ्यावा लागतो. वरचा काडीकचरा हाताने बाजूला सारायचा, कुदळीने इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा, एक वीत खोल खड्डा करायचा, त्यातली माती बाहेर काढून टाकायची आणि मग खड्ड्याच्या एका बाजूवरून, वरपासून तळापर्यंत, दोन बोटे जाडीचा एकसारखा काप खुरप्याने उतरवून घ्यायचा. सर्वांचा कल वरची मोकळी माती मुठीने उचलण्याकडे असतो, कारण खालची माती विटेसारखी कडक असते. पण पिकाची मुळे त्या कडक मातीतही अन्न शोधत असतात, आणि वरच्या दोन इंचांतले सेंद्रिय घटक व खालचे यांत बराच फरक असतो, हे खड्ड्याच्या कडेला बसून दाखवले की लोकांना लगेच पटते. असे दहा-पंधरा खड्डे नागमोडी चालत संपूर्ण वावरात घ्यायचे. धुऱ्याजवळची, बाभळी-निंबाखालची, उकिरड्याच्या जागेवरची, पांदणीला लागून असलेली आणि बैल बांधण्याच्या जागेची माती घ्यायची नाही. सूक्ष्म अन्नद्रव्ये तपासायची असतील तर माती लोखंडी घमेल्यात गोळा करायची नाही, प्लास्टिकचे घमेले वापरायचे.

गोळा झालेली माती स्वच्छ कापडावर पसरून, ढेकळे फोडून, नीट कालवायची आणि तिचे चार भाग करायचे. समोरासमोरचे दोन भाग टाकून द्यायचे, उरलेले दोन पुन्हा कालवायचे, पुन्हा चार भाग, आणि हे अर्धा किलो माती उरेपर्यंत करत राहायचे. एका तरुण शेतकऱ्याने या टप्प्यावर मला विचारले, "अर्धा किलो मातीत माह्या चार एकराचं काय समजते, मॅडम?" प्रश्न अगदी मुळाचा होता. एका एकरातील वरच्या वीतभर थराचे वजन सुमारे ९ लाख किलो भरते, म्हणजे त्याच्या चार एकरांतली सुमारे ३६ लाख किलो माती त्या अर्ध्या किलोत उतरायची होती, आणि प्रयोगशाळेत तर एकेका तपासणीला त्यातलीही एक ते दहा ग्रॅमच माती लागते. यंत्र कितीही अचूक असले तरी वावरात घेतलेला नमुना चुकला तर अहवाल चुकणारच, आणि म्हणून हे काम ज्याला वावराचा कानाकोपरा ठाऊक आहे त्यानेच करायला हवे, असे मी त्याला सांगितले. त्यानंतर त्याने ज्या काळजीने मातीचे भाग पाडले ते पाहण्यासारखे होते.

वावर कोठे कोठे वेगळे आहे हे सांगण्यात स्त्रिया पुरुषांपेक्षा कितीतरी पुढे होत्या. निंदण, वेचणी, सोंगणी ही सगळी कामे त्या वाकून, जमिनीजवळ राहून करतात, त्यामुळे पट्टे त्यांच्या लक्षात असतात. खारपाणपट्ट्यातल्या एका वावरात त्या घरच्या आजी आमच्यासोबत आल्या होत्या. मुलाने सरळ पहिला खड्डा मध्यभागी घ्यायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी त्याला थांबवले आणि पश्चिमेकडचा सखल भाग दाखवून म्हणाल्या, "इथं पानी साचते आन् उतरल्यावर वर पांढरं फुटते. हे पट्टी चोपन हाये, हिची माती त्याच्यात नोको मिसळू." चोपण म्हणजे सोडियम वाढल्याने घडण मोडलेली, पाणी न झिरपणारी जमीन. आम्ही त्या पट्टीचा नमुना वेगळा घेतला. दोन्ही नमुने एकत्र झाले असते तर सरासरी आकडा बरा दिसला असता आणि तो त्या वावरातल्या एकाही तुकड्याला लागू पडला नसता.

प्रत्येक पिशवीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाकायची, कारण मातीतल्या थोड्याशाही ओलाव्याने पेनची शाई पसरते. चिठ्ठीवर गट क्रमांक, मागचे पीक, पुढचे पीक, ओलीत आहे की कोरडवाहू, आणि नाव. नावाच्या बाबतीत आम्ही एक बदल केला. सातबारावर ज्याचे नाव आहे त्याच्यासोबतच प्रत्यक्ष वावर करणाऱ्याचे नावही लिहायचे ठरवले, कारण अनेक वावरे घरातल्या बाई सांभाळतात आणि कित्येक जण दुसऱ्याचे वावर मक्त्याने करतात. मक्त्याने करणाऱ्यांचा उत्साह कमी होता हेही सांगितले पाहिजे. पुढच्या वर्षी ते वावर आपल्याकडे राहील की नाही याची खात्री नसताना त्या मातीवर खर्च कशाला करायचा, हा त्यांचा विचार आहे आणि त्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. जिप्सम किंवा हिरवळीच्या खतासारखे उपाय एका हंगामात पैसे परत देत नाहीत. त्यांच्यासाठी आम्ही याच हंगामात उपयोगी पडेल असा, खताची निवड आणि मात्रा यांपुरताच सल्ला वेगळा काढला.

नमुने केंद्राच्या मागच्या ओसरीत सावलीत वाळत घातले, कारण कडक उन्हात वाळवलेल्या मातीतील काही घटकांचे प्रमाण बदलते. मग लाकडी मोगरीने कुटणे आणि दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळणे. या कामाला गावातल्या शाळांची वरच्या वर्गातली मुले सुटीत येऊन हातभार लावत होती, आणि त्यांच्यासाठी आम्ही आठवड्यातून एक सकाळ प्रयोगशाळा आणि हवामान वेधशाळा दाखवण्यासाठी राखून ठेवली. सेंद्रिय कर्बाच्या तपासणीत चंचुपात्रातला गडद जांभळट निळा रंग थेंबाथेंबाने अनुमापन करताना एका क्षणी हिरवा होतो, ते पाहताना मुले श्वास रोखून उभी राहत. स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) तपासणीत निळा रंग जितका गडद तितके स्फुरद जास्त, हे त्यांना पटकन कळले, आणि आपल्या गावच्या बहुतेक नळ्या फिकट आहेत हेही त्यांनीच आम्हाला दाखवले.

वेधशाळेत त्यांना सर्वांत जास्त नवल बाष्पीभवन पात्राचे वाटले. जाळीने झाकलेल्या, सुमारे १.२ मीटर व्यासाच्या त्या उघड्या पात्रातले पाणी मे महिन्याच्या कडक दिवसांत १२ ते १५ मिलिमीटरने खाली जाते. तेथेच पर्जन्यमापक दाखवून आम्ही हिशेब करवून घेतला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, म्हणजे एका एकरावर १०० मिलिमीटर पडला तर सुमारे ४ लाख लिटर. खारपाणपट्ट्यातल्या एका मुलीने तो आकडा वहीत लिहून घेतला आणि तो सगळा आपल्या शेततळ्यात मावेल का, असे विचारले. ज्या गावात जमिनीखालचे पाणी पिकाला चालत नाही तेथे वरून पडणारे पाणी साठवणे हाच ओलिताचा मार्ग आहे, ही गोष्ट तिच्या घरी रोज बोलली जात असणार.

प्रयोगशाळेत तपासणी चालू असताना डोंगराच्या बाजूच्या गावात, जेथे सोयाबीन मोठ्या प्रमाणावर होते, बियाण्याच्या उगवण चाचणीचे काम घेतले. सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक असल्याने घरचे चांगले बियाणे दोन-तीन वर्षे वापरता येते आणि बियाण्यावरचा मोठा खर्च वाचतो. पण त्याचे टरफल फार पातळ असते, मळणीयंत्राचे फेरे जास्त असले किंवा पोती उंचावरून आपटली तर आतला अंकुर दुखावतो आणि बाहेरून दाणा टपोरा दिसतो. त्यामुळे चाचणीशिवाय इलाज नाही. बचत गटाच्या स्त्रियांनी हे काम हाती घेतले. ओले गोणपाट पसरून त्यावर दहा-दहाच्या ओळीत १०० दाणे मांडायचे, दुसरे ओले गोणपाट वरून घालून गुंडाळी करायची, ती घरात सावलीला ठेवून दिवसातून दोनदा पाणी शिंपडायचे आणि सहा-सात दिवसांनी उघडायची. दाणे निवडून घ्यायचे नाहीत, पोत्यात हात घालून येतील ते घ्यायचे, हे वारंवार सांगावे लागले. मोजताना सरळ, निरोगी कोंब तेवढेच धरायचे, वाकडे-खुजे सोडून द्यायचे.

किमान ७० दाणे उगवले तर एकरी ३० किलो बियाणे पुरते. ६० उगवले तर ३५ किलो लागते, आणि त्याहून फार खाली आले तर ते बियाणे पेरण्यात अर्थ नसतो. एका घरच्या वहिनींची गुंडाळी उघडली तेव्हा ८० च्या वर कोंब मोजले गेले, आणि शेजारच्या घरच्या, दिसायला अधिक चकचकीत बियाण्याचे निम्मेही उगवले नाहीत. ते बियाणे मोठ्या मळणीयंत्रातून, रात्री घाईघाईने काढलेले होते. त्या घराने वेळीच प्रमाणित बियाण्याची, म्हणजे निळ्या खुणचिठ्ठीच्या पिशव्यांची सोय केली. जूनमध्ये पेरून, दुबार पेरणीची पाळी आल्यावर हे कळले असते तर त्या कुटुंबाचे किती नुकसान झाले असते याचा विचार मला अजूनही अस्वस्थ करतो.

कपाशीच्या गावांत गुलाबी बोंडअळीचा विषय काढणे भाग होते. २०१७ च्या हंगामात या अळीने विदर्भात केलेले नुकसान लोक विसरलेले नाहीत. कपाशीची फरदड राखू नये, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक पुढे उभे ठेवू नये, हंगामाबाहेर अळीला खायला मिळू नये आणि जूनपूर्वी लागवड करू नये हे सर्वांना पाठ आहे. अडचण पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांची, असते. पऱ्हाटीचे ढीग घराशेजारी रचलेले असतात आणि त्यावरच्या वाळक्या, किडक्या बोंडांत अळी सुप्तावस्थेत उन्हाळा काढते. पऱ्हाटी जाळून टाका असे सांगणे सोपे आहे, परंतु ती चुलीचे वर्षभराचे सरपण असते आणि ते वेचून-बांधून आणणारी बाई असे सांगणाऱ्याचे ऐकणार नाही. आम्ही ढिगांजवळ उभे राहून एकेक बोंड फोडून आतली अळी दाखवली आणि बोंडे तेवढी ओरबाडून जाळा, काड्या ठेवा, असे सांगितले. ते मान्य झाले.

अक्षय्य तृतीयेनंतर पारावर पावसाचीच चर्चा असते. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळच्या घटमांडणीत काय निघाले हे प्रत्येकाला ठाऊक असते आणि आमच्याकडून हवामान खात्याचे काय म्हणणे आहे ते ऐकायचे असते. मी लोकांच्या श्रद्धेवर कधीच बोलत नाही. पेरणीचा निर्णय मात्र पर्जन्यमापकावर करावा, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वीतभर ओल गेल्याशिवाय तिफण धरू नये, एवढे मी सर्व बैठकांत आवर्जून सांगत राहिले.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू असतानाच अहवाल तयार झाले आणि ठरल्याप्रमाणे वाचनाच्या बैठका लागल्या. मोहिमेतला हा सर्वांत महत्त्वाचा भाग होता, कारण बारा आकड्यांचा कागद हातात देऊन निघून येणे म्हणजे काम अर्ध्यावर सोडणे होय. आम्ही मोठ्या कागदावर प्रत्येक गावाचे आकडे गट क्रमांकानुसार लिहिले आणि एकेकाला बोलावून त्याचाच आकडा त्याच्याकडून वाचून घेतला. सर्वत्र दिसलेली गोष्ट अशी की सेंद्रिय कर्ब कमी, नत्र कमी, स्फुरद कमी ते मध्यम आणि पालाश (पोटॅश) भरपूर. बऱ्याच वावरांत जस्त दर दशलक्ष भागांत ०.६ या मर्यादेच्या खाली. पहिल्या बैठकीत तक्रार करणारे काका आपला पालाशाचा आकडा वाचून क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मंग मी इतके वर्सं दुकानदार म्हनेल थे मिश्र खत कायले टाकत होतो?" त्यांच्या वावराला पालाशापेक्षा जस्ताची गरज होती, हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट आणि तेही दरवर्षी टाकायची आवश्यकता नाही.

स्फुरदाचा विषय निघाला की डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट) या खताची टंचाई आठवते. पेरणीच्या तोंडावर त्या एका पोत्यासाठी तालुक्याच्या गावी रांगा लागतात. एका डीएपीच्या पोत्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असते, तर सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन पोत्यांतून २४ किलो स्फुरद आणि अर्ध्या युरियाच्या पोत्यातून सुमारे १० किलो नत्र मिळते. शिवाय सुपर फॉस्फेटमधून सुमारे १६ किलो गंधक मिळते, जे तेलबियांना हवेच असते. हा हिशेब फळ्यावर मांडल्यावर सोयाबीनवाल्या गावात बराच वेळ चर्चा झाली. पोती वाहून नेण्याचा त्रास तिप्पट होतो हा आक्षेप खरा होता, तो आम्ही नाकारला नाही. तरीही अनेकांनी सुपर फॉस्फेट घेण्याचे ठरवले, आणि काही जणांनी मिळून एकच गाडी केली.

त्या आजींच्या वावराचे दोन नमुने पूर्णपणे वेगळे आले. वरच्या भागाचा सामू (पीएच) ८.१ होता, काळ्या जमिनीत नेहमी आढळतो तसा. चोपण पट्टीचा सामू ८.५ च्या वर गेलेला होता. तेथे खत वाढवून उपयोग नव्हता, कारण सोडियममुळे मातीची घडण मोडलेली असते, पाणी खाली झिरपत नाही आणि मुळांना हवा मिळत नाही. जिप्समातला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो, पण सुटलेला सोडियम पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जायला वाट हवी. म्हणून त्या पट्टीत आधी चर काढायचा, शिफारशीप्रमाणे जिप्सम पहिल्या पावसापूर्वी वरच्या थरात वखराने मिसळायचे आणि पहिल्या वर्षी तेथे कपाशी न घेता धैंचा हे हिरवळीच्या खताचे पीक पेरून फुलोऱ्याच्या आधी गाडायचा, असा आराखडा त्यांच्या मुलाने आमच्यासमवेत बसून तयार केला. आजींना एकाच गोष्टीची काळजी होती, चराचे पाणी शेजाऱ्याच्या वावरात जाईल. शेजारी तेथेच बसलेले होते. दोघांनी मिळून चर नाल्यापर्यंत नेण्याचे त्याच बैठकीत ठरले, आणि माझ्या दृष्टीने त्या संध्याकाळी झालेले हे सर्वांत मोठे काम होते.

काही नमुने पुन्हा घ्यावे लागले, कारण आकडे वावराशी जुळत नव्हते आणि चौकशीअंती शेणखत पसरल्यानंतर माती घेतल्याचे निघाले. त्यांचे अहवाल मृगाच्या आत देता आले नाहीत. त्या शेतकऱ्यांना तसे स्पष्ट कळवले आणि त्यांच्यासाठी खरिपाची काढणी झाल्यावर नमुने घेण्याचे ठरवले.

पेरण्या झाल्यानंतर आम्ही प्रत्येक गावात काही वावरांत शेजारीशेजारी दोन पट्टे आखून दिले आहेत, एक नेहमीच्या खताचा आणि एक अहवालाप्रमाणे दिलेल्या खताचा. बियाणे, पेरणीची तारीख, डवरणी, फवारणी सगळे सारखे ठेवायचे आहे. खर्चाची नोंद शेतकऱ्याच्याच वहीत होते, आणि सोयाबीनची सोंगणी दसऱ्याच्या सुमारास आली की दोन्ही पट्ट्यांचे उत्पन्न गावासमोर वेगवेगळे मोजले जाईल. मक्त्याने वावर करणाऱ्यांपैकी दोघांनीही असे पट्टे मागून घेतले आहेत, आणि त्यांतल्या एकाच्या वावराचा मूळ मालक मोजणीच्या दिवशी हजर राहणार आहे.